काँगो नव्हे, कांगॉ : जनरल थोरातांची आठवण

पंचगंगाकाठी

मागच्या महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी कॉलेजातला एक पोरगा बसला होता. बोलता बोलता सैन्याचा विषय निघाला. म्हणाला, "काका, आपल्या कोल्हापूरचे जनरल थोरात म्हणजे काँगोत लढले तेच ना?" जिलबी हातात तशीच राहिली. त्याला म्हटलं, अरे, काँगो आफ्रिकेत. हे कांगॉ ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर. तो "हां हां" म्हणाला आणि मठ्ठ्याकडे वळला. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा धागा.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत सगळे एस. पी. पी. म्हणायचे. जन्म १९०६, कोल्हापूर संस्थानातलं वडगाव. तिथून सँडहर्स्ट. आज हे वाक्य सहज लिहून होतं, पण तेव्हा तिथं हिंदी पोरांना वर्षाला मोजून दहाएक जागा असत. घरात नाटकातल्यासारखं इंग्रजी नाही, काट्या-चमच्याची सवय नाही, अशा घरातला मुलगा बादशहाचं कमिशन घेऊन परत येतो, हा एक प्रवास. पुढे सरहद्द प्रांत, मग ब्रह्मदेश, मग कोरिया, मग लखनौला पूर्व कमांडचे मुख्य, तिथून नेफाचे (म्हणजे आजच्या अरुणाचलचे) डोंगर, आणि शेवटी पुन्हा कोल्हापूर. १९९२ मध्ये गेले.

त्यांचं नाव मराठीत निघतं तेव्हा नव्वद टक्के वेळा एकाच वाक्यात निघतं : "बासष्टच्या चीन युद्धाआधीच त्यांनी सांगितलं होतं, पण ऐकलं नाही." हे खरं आहे, त्याबद्दल खाली लिहीनच. पण एवढ्या फिरलेल्या, लढलेल्या माणसाची ओळख "न ऐकलेला जनरल" एवढीच उरावी, हे मला खटकतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम बासष्टशी संबंधित नाहीच. ते कोरियात झालं, आणि तिथं त्यांना लढायचंच नव्हतं.

आधी कांगॉ. जानेवारी १९४५. जपानी सैन्य आराकानातून माघार घेत होतं आणि त्यांचा परतीचा रस्ता कांगॉवरून जायचा. तो तोडायचा म्हणून २२ जानेवारीला ब्रिटिश कमांडो खाडीतून उतरले आणि मागोमाग २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड आली. या ब्रिगेडची गंमत अशी की तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडिंग ऑफिसर हिंदी होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले थोरात. थिमय्यांकडे ८/१९ हैदराबाद, सेनांकडे १६/१० बलुच, थोरातांकडे २/२ पंजाब. गोऱ्या साहेबाच्या फौजेत असा योग तोवर जवळजवळ आलाच नव्हता. हिंदी माणूस कंपनीपर्यंत ठीक, पलटण त्याच्या हाती द्यायची का, यावर क्लबांमध्ये शंका काढणारे भरपूर होते. ब्रिगेडनं त्या टेकड्यांवर काय केलं ते बघून त्या शंका निदान मोठ्यानं काढणं बंद झालं असावं. २९ जानेवारीच्या हल्ल्यात 'मेलरोज' नाव दिलेली टेकडी थोरातांच्या पंजाब्यांनी घेतली. हातघाईपर्यंत गोष्ट गेली होती. तिन्ही कमांडरांना डीएसओ हे लष्करी पदक मिळालं.

बाकी जमेल तसं प्रतिसादांत लिहितो. कुणाकडे काही असेल तर जरूर टाका.

कांदळवन

सुंदर धागा. आराकानचा किनारा म्हणजे डोळ्यांसमोर काय आणायचं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, आपलं कोकणातलं खाजण आणा आणि ते शंभरपट करा. खारफुटी, गुडघाभर चिखल, भरतीला पाणी आणि ओहोटीला रेंदा. तिथल्या खाड्यांना 'चाउंग' म्हणतात. होडीतून उतरलेला माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत अर्धा चिखलात. मध्येच भातखाचरं आणि त्यातून एकदम वर आलेल्या झाडीच्या टेकड्या. ज्याच्या हाती टेकडी, त्याच्या हाती रस्ता. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या टेकडीसाठी आठ-आठ दिवस माणसं का मरत होती, ते खाजणात एकदा चालून बघितलं की कळतं.

शेजारच्याच हिल १७० वर कमांडोंनी ३१ जानेवारीला जपान्यांचा मोठा प्रतिहल्ला परतवला. जॉर्ज नोलँड या लेफ्टनंटला तिथल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजीत कांगॉ म्हटलं की सगळे हिल १७० वरच थांबतात. मेलरोजबद्दल दोन ओळी मिळाल्या तरी नशीब.

निवृत्त_फौजी

जय हिंद. मी थोरात साहेबांच्या हाताखाली नव्हतो, फार नंतरचा. पण एक गोष्ट सांगतो. पंजाबी पलटणीचा सीओ मराठा, बलुच पलटणीचा सीओ बंगाली, हैदराबादचा कुर्गी. जवान शीख, डोगरे, पंजाबी मुसलमान, पठाण, जाट, कुमाऊनी. बाहेरच्या माणसाला यात आश्चर्य वाटतं. फौजेत नाही वाटत. सीओ जवानाच्या लंगरात जेवतो का, त्याची छुट्टी बुडवत नाही ना, गोळी सुटल्यावर पुढं असतो का, एवढंच बघतात. जात-भाषा मग आपोआप मागं पडते.

आमच्याकडे सैनिक टाकळी, अपशिंगे मिलिटरी अशी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत. तिथल्या म्हाताऱ्यांना मेसोपोटेमिया, लिबिया, इटली ही नावं शेजारच्या तालुक्यासारखी ठाऊक असायची. बाजाराला सांगलीच्या पुढं न गेलेली बायको घरात आणि नवरा कैरोचा बाजार बघून आलेला.

सोलापुरी_सोलमध्ये

नावावरून हसू नका, खरंच सोलापूरचा आहे आणि खरंच सोलमध्ये राहतो. आई फोनवर शेजारणीला सांगते, "पोरगा इथंच हाय, नुसतं पूर काढलंय."

कोरियाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. मागच्या थंडीत मित्रांबरोबर पानमुंजोमच्या बाजूला गेलो होतो. सोलहून बसनं तास-दीड तास. इम्जिन नदी ओलांडली की सगळं एकदम गप्प होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरचा पट्टा, त्यात माणूस नाही, नुसती झाडं आणि पक्षी. थंडी अशी की हातमोजा काढून फोटो काढला तर बोटं सांगतात, आता पुरे. गाइडनं युद्धबंदीची तारीख सांगितली, २७ जुलै १९५३. निळ्या खोल्या दाखवल्या. कैद्यांची अदलाबदल झाली म्हणाली. मी विचारलं, भारतीय सैन्य इथं होतं ना? ती गोड हसली आणि पुढचा मुद्दा सुरू केला. तेव्हा मलाही सविस्तर सांगता आलं नसतं. पंचगंगाकाठी, तुम्ही लिहा ना कोरियाबद्दल नीट.

पंचगंगाकाठी

लिहितो. तुमच्या आईंना आमचा नमस्कार सांगा, वाक्य झकास आहे.

तर युद्ध थांबलं, पण मध्ये एक गाठ अडकली होती, कैद्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेले हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत होते, हे त्यांच्याकडून जबरदस्तीनं वदवून घेतलंय. या एका मुद्द्यावर बोलणी दीड वर्षावर रखडली होती. तिकडं माणसं मरतच होती. शेवटी तोडगा निघाला : परत न जाणारे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचे, दोन्ही बाजूंच्या माणसांनी येऊन त्यांना समजवायचं, मग ज्याचं त्यानं ठरवायचं. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. अध्यक्षपदी थिमय्या. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळणारी फौज एकट्या भारताची, आणि तिचे कमांडर मेजर जनरल थोरात. कांगॉची जोडी आठ वर्षांनी पुन्हा एकत्र.

आता अडचणी बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खवळलेले की आमच्या भूमीवर हिंदी शिपायाचं पाऊल पडू देणार नाही म्हणाले. याच गृहस्थांनी जूनमध्ये पंचवीस हजारांहून जास्त कैदी परस्पर सोडून देऊन तह मोडायची वेळ आणली होती, तेव्हा धमकी पोकळ समजायची सोय नव्हती. मग काय, आपले जवान इंचॉनला बोटीतून उतरले ते जमिनीवर नाहीच. विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेले. पाच-सहा हजार माणसं अशी उडवत नेली. ज्यानं गावात एस.टी. सोडून दुसरं वाहन पाहिलं नाही, तो पोरगा थेट हेलिकॉप्टरात.

पट्ट्यात उतरल्यावर ज्या छावणीत राहिले तिचं नाव हिंदनगर. आणि ताब्यात आलेले कैदी साडेबावीस हजारांच्या वर. अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवून घेतलेले, आत आपापल्या पुढाऱ्यांच्या पक्क्या संघटना असलेले, आणि हिंदी शिपाई म्हणजे आपल्याला परत चीनला धाडायला आलेला माणूस असं पढवलेले. पहिल्या दिवसापासून दगडफेक, शिव्या, निदर्शनं.

सप्टेंबरातच कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून धरून ठेवलं. पलटणीच्या मनात काय आलं असेल? तारा तोडून आत घुसावं आणि आणावं बाहेर. थोरातांनी तसं केलं नाही. स्वतः आत गेले, त्या गर्दीत उभे राहिले, बोलत राहिले, आणि मेजरला धडधाकट बाहेर आणलं. गोळी नाही. कांगॉला संगिनी लावून टेकडी घेणारा माणूस हाच, हे लक्षात ठेवा. मला तर कांगॉपेक्षा हे अवघड वाटतं. टेकडी घ्यायची असते तेव्हा काय करायचं ते शिकवलेलं असतं.

चिकित्सक

लेख छान, पण आरती ओवाळण्याआधी दोन-तीन गोष्टी.

एक, "गोळी नाही" हे त्या दिवसापुरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैदी तारांवर चालून आले तेव्हा हिंदी पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. ते लपवू नका.

दोन, जमाखर्च मांडा. उत्तरेकडचे जे २२,६०४ कैदी आले त्यातले परत मायदेशी गेले सगळे मिळून ६२८. बाकी जवळजवळ सगळे जानेवारी १९५४ मध्ये जिकडून आले तिकडेच गेले. चिनी तैवानला, कोरियाई दक्षिणेत. समजावण्यासाठी नव्वद दिवस ठरले होते, त्यातले प्रत्यक्षात किती थोडे दिवस काम झालं ते बघा. तंबूत येऊन खुर्च्या फेकणारे कैदी "मुक्तपणे" निवड करत होते की आतल्या टोळ्यांच्या धाकानं, हे कुणी सांगायचं? आणि तो धाक मोडायला थोरातांच्या फौजेनं बळ वापरलं नाही. चीनची तक्रार नेमकी हीच होती.

तीन, चीन-उत्तर कोरियाच्या ताब्यातले, परत जायचं नाही म्हणणारे ३५९ होते. त्यात २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश परत गेलेच नाहीत, चीनला गेले. अमेरिकेत त्यावरून केवढा गहजब झाला.

म्हणजे चीन नाराज, री नाराज, अमेरिका अर्धवट नाराज. याला यश म्हणायचं का, याचं उत्तर द्या.

पंचगंगाकाठी

चिकित्सक, गोळीबाराचं मान्य. मीच लिहायला हवं होतं.

धाकाचं म्हणाल तर तेही खरं. पण पर्याय काय होता? बळानं कैद्यांच्या संघटना फोडायच्या म्हणजे साडेबावीस हजार माणसांवर पाच-सहा हजारांनी तुटून पडायचं. किती मेले असते? आणि पलीकडे री यांची फौज "आमचे बांधव मारले" म्हणून टपलेली. पट्ट्यात पुन्हा युद्ध पेटलं असतं. थोरातांना दिलेलं काम कैद्यांची मनं बदलायचं नव्हतं. सांभाळायचं, मारायचं नाही, पळू द्यायचं नाही आणि मुदत संपली की हिशेब देऊन बाहेर पडायचं. तो हिशेब तुम्हीच वर एका-एका माणसापर्यंत मांडला आहे. तो मांडता येतो हेच माझं उत्तर.

आणि सगळेच नाराज होते म्हणता, तर वाटण्या करून देणाऱ्या पंचावर दोन्ही भाऊ चिडलेले असतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

कृष्णाकाठची

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील त्या फौजेत होते. सप्लायमध्ये, नाईक होते. माझा जन्म नंतरचा, त्यामुळे मी ऐकलेलंच सांगते. अण्णा कोरियाला म्हणायचे "कोर्या". लढाईचं विचारलं की म्हणायचे, "लढाई कुठली गं, आम्ही लोकांची पोरं राखायला गेलो होतो." थंडीचं मात्र तासन्‌तास सांगायचे. पाण्याचा डबा रात्री बाहेर राहिला की सकाळी कुऱ्हाडीनं फोडायचा. कणीक मळायला घेतली की हात आधी शेकून घ्यायचे. साडेबावीस हजार कैद्यांना भात लागायचा आणि आपल्या माणसांना रोटी, त्यामुळे दोन्हीकडचं सामान वेगळं. कैदी जेवणाच्या पिंपावर बसून गाणी म्हणायचे, रडायचेही म्हणे. एकदा एका पोरानं तारेच्या आतून अण्णांना आपल्या आईचा फोटो दाखवला. भाषा कुणाला येत होती? अण्णांनी पाकिटातला आजीचा फोटो काढून दाखवला. एवढंच. तो पोरगा पुढे कुठं गेला कुणास ठाऊक, असं म्हणून ते नेहमी गप्प व्हायचे.

थोरात साहेब लायनीत फिरायला यायचे तेव्हा मराठी माणूस दिसला की "काय, कुठलं गाव?" विचारायचे, असं अण्णा सांगत. हे त्यांना दोनदा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा अण्णांच्या तोंडून गावाचं नावच निघालं नाही, घाबरून तालुका सांगितला.

आईकडे त्यांची कोर्याहून आलेली पत्रं होती. तीन उरली आहेत. तिकिटावर काहीतरी मराठीत छापलेलं आहे, ते मला कधी कळलं नाही.

तिकीटवेडा

ताई, थांबा! तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही!

१९५३ मध्ये त्या फौजेसाठी डाक खात्यानं आपली नेहमीची पुरातत्त्व मालिकेतली तिकिटं घेऊन त्यांवर वेगळा छाप मारला होता. बारा किमतींची तिकिटं. त्यावर नागरीत लिहिलंय : "भारतीय संरक्षा कटक कोरिया". ते मराठी नाही, हिंदी, पण मराठी माणसाला ते जास्त चांगलं कळावं. कारण 'कटक' हा शब्द! कटक म्हणजे सैन्य, छावणी. आपल्या जुन्या पोथ्या-बखरींत पानोपानी आहे. आज आपल्याला कटक म्हटलं की ओडिशातलं शहर आठवतं, पण १९५३ मध्ये कुणीतरी सरकारी खुर्चीत बसून 'फोर्स'ला प्रतिशब्द म्हणून 'कटक' काढला, त्याला माझा दंडवत.

आणखी गंमत म्हणजे त्या मालिकेत तीन पैचं तिकीट अजिंठ्याचं आणि नऊ पैचं घारापुरीच्या त्रिमूर्तीचं. म्हणजे घारापुरीचा महेश बर्फातून प्रवास करून कृष्णाकाठी आला. सुटी तिकिटं बाजारात मिळतात, पण लष्करी डाकघराच्या शिक्क्यासकट, खरं पत्र आत असलेला लिफाफा वेगळाच. लॅमिनेट करू नका! चिकटपट्टी तर अजिबात लावू नका! आणि तिकीट सोडवू नका, लिफाफ्यावरच राहू द्या.

कृष्णाकाठची

चिकटपट्टी आधीच लावलेली आहे हो. एका पत्राला. आईनंच लावली होती.

तिकीटवेडा

असू द्या. आईंनी लावली असेल तर तीही त्या पत्राचीच.

सोलापुरी_सोलमध्ये

'भारतीय संरक्षा कटक कोरिया'... पुढच्या वेळी त्या गाइडबाईंना तिकिटाचा फोटोच दाखवतो. ताई, फोटो टाकाल का?

एक शंका. सगळे कैदी इकडं किंवा तिकडं गेले का? काहीजण भारतात आले असं मी इथं एका म्हाताऱ्या कोरियन गृहस्थांकडून ऐकलं होतं, खोटं वाटलं होतं.

चिकित्सक

खोटं नाही. दोन्हीकडे नको म्हणणारे, कुठल्या तरी तटस्थ देशात पाठवा म्हणणारे ८८ जण निघाले. ७६ कोरियाई आणि १२ चिनी. तटस्थ देश म्हणजे कोण हे ठरेना, तेव्हा फेब्रुवारी १९५४ मध्ये थोरातांची फौज परत निघाली तशी ती माणसं तिच्याबरोबर भारतात आली. काही वर्षांत त्यांतले बहुतेक ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे इथंच राहिले. कल्पना करा, कोरियातून सुटून दिल्लीत, तिथून ब्राझीलला. तुमच्या जनरलसाहेबांपेक्षा यांचा प्रवास मोठा.

(आणि हो, ताईंच्या अण्णांचा "लोकांची पोरं राखायला गेलो होतो" हा शब्द वाचल्यावर मी माझा वरचा यश-अपयशाचा प्रश्न जरा मागे घेतो. सगळा नाही, जरासा.)

निवृत्त_फौजी

चिकित्सकराव, रेकॉर्डवर घेतलं.

कोरियात लढाईच्या वेळी आपली फक्त मेडिकल होती हेही लिहा कुणीतरी. ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज. मार्च १९५१ मध्ये मुन्सानला अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर त्यांनी उडी मारली होती. ती जागा या कैद्यांच्या छावण्यांपासून लांब नाही. आमच्या वेळी अॅम्ब्युलन्सवाल्यांना पोरं हसायची, "पट्ट्या बांधणारे". एकदा उस्तादानं ही गोष्ट सांगितली, त्यानंतर नाही हसले.

आता बासष्टचं लिहा, पंचगंगाकाठी. त्याशिवाय साहेबांची गोष्ट पुरी होत नाही, आवडो न आवडो.

पंचगंगाकाठी

लिहितो, थोडक्यात. या विषयावर सगळीकडे भरपूर आहे.

१९५७ पासून थोरात पूर्व कमांडचे मुख्य, लखनौला. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि नेफाची सरहद्द सैन्याकडे आली. थोरातांनी ऑक्टोबरमध्ये टिपण लिहून वर पाठवलं. गाभा असा : अगदी सीमारेषेवर चौक्या ठेवा, पण त्या डोळे-कान म्हणून. खरी लढाई मागं, जिथं आपला रस्ता पोचतो आणि शत्रूची रसद ताणली जाते अशा जागी द्यायची. एवढं सैन्य लागेल, एवढे रस्ते लागतील. थिमय्या तेव्हा लष्करप्रमुख, त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढं ठेवलं. मेननना चीनकडून धोका वाटतच नव्हता. टिपण तिथंच राहिलं. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा नकाशावर मांडून दाखवलं.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांचं नाव सुचवलं होतं, नेमले गेले थापर. त्याच मे महिन्यात थोरातही घरी आले. दीड वर्षानं चीननं हल्ला केला, नेफातल्या नामका चू नदीवर सातवी ब्रिगेड उघड्यावर मारली गेली, महिन्याभरात बोमदिला पडलं. मग नेहरूंनी थिमय्या आणि थोरात दोघांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावलं.

आणि यातला मला सगळ्यात बोचणारा भाग वेगळाच आहे. बासष्टमध्ये पूर्व कमांडचे मुख्य कोण होते? एल. पी. सेन. कांगॉतले तिसरे. एकाच ब्रिगेडमधले तीन मित्र. एक लष्करप्रमुख झाला, दुसऱ्यानं पूर्वेचं टिपण लिहिलं, आणि तिसऱ्याच्या वाट्याला ते टिपण नसलेलं युद्ध आलं.

चिकित्सक

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. चटका लावणारं आहे.

तरीही : थोरात लष्करप्रमुख असते तर बासष्ट टळलं असतं, हे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते मला पटत नाही. रस्ते एका टिपणानं होत नसतात. डोंगरी थंडीचे कपडे, बूट, तोफा, दारूगोळा, यांना पैसे द्यायचे होते आणि ते देणारा माणूस गणवेशात नव्हता. फार तर इतकं झालं असतं की नामका चूच्या खड्ड्यात ब्रिगेड उतरवायला कुणीतरी ठामपणे नाही म्हटलं असतं.

निवृत्त_फौजी

साहेब, "फार तर इतकं" म्हणता. त्या ब्रिगेडमध्ये असलेल्याच्या घरी जाऊन म्हणा.

चिकित्सक

खरं आहे. शब्द चुकला.

कांदळवन

विषय जरा हलका करतो. निवृत्तीनंतर काय केलं त्यांनी? एवढं फिरलेल्या माणसाला एका गावात करमतं का, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. आमचे एक काका मर्चंट नेव्हीतून आले आणि रत्नागिरीत बंदरावर जाऊन रोज बोटी मोजायचे.

पंचगंगाकाठी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. आत्मचरित्रही लिहिलं. नंतर कोल्हापुरातच राहिले. माझ्या वडिलांनी त्यांना एकदा-दोनदा पाहिलं होतं, लांबून. ताठ चालणारा, मिशीवाला म्हातारा, लोक वाट द्यायचे. वडिलांना तेव्हा एवढंच माहीत, की मोठे मिलिटरीवाले आहेत. कांगॉ नाही, कोरिया नाही, लाल किल्ला नाही. पुढं जाऊन नमस्कार करायचं धाडस झालं नाही म्हणायचे. मी विचारलं, काय बोलला असता? तर म्हणाले, "ते विचारणार कुठलं गाव, आणि मी सांगणार, इथलंच की."

कृष्णाकाठची

अगदी आमचे अण्णा!

फोटो काढला आहे, पण इथं चढत नाही. नातू संध्याकाळी येतो, त्याच्याकडून करून घेते. तीन पै नाही, नऊ पैचं आहे. त्रिमूर्तीच आहे, एका तोंडावर शिक्का बसला आहे.

तिकीटवेडा

नातवाला सांगा, फ्लॅश बंद करून काढ. आणि लिफाफ्याची मागची बाजूही.